बोटीचा पाय वर येईना

ट्रकच्या वायरिंगमध्ये माझा हात धरणारा मिस्त्री पुसदात नाही, असं लोक म्हणायचे आणि मी ते गुमान ऐकून घ्यायचो. खोटं कशाला बोलू, आवडायचं मला. काम शिकलो पांढरकवड्याला, हायवेच्या कडेच्या एका गॅरेजात. तिथं ट्रकांची रांग लागलेली असायची, ड्रायव्हर बोंबलत असायचे आणि आमचा उस्ताद कुणाचंही काम हातात घेताना एकच सांगायचा, "पहले बॉडी पकड." टेस्ट लॅम्पचा चिमटा गाडीच्या कुठल्याही लोखंडाला लावायचा आणि टोचा वायरीला. लॅम्प पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही. ट्रकचं सगळं अंगच लोखंडाचं. बॅटरीची निगेटिव्ह त्या अंगालाच जोडलेली असते, म्हणून करंट परत जायला वेगळी वायर लागत नाही. वीस वर्षं मी बॉडी पकडून काम केलं. माझी मिजास तिथूनच वाढली.

एप्रिलमध्ये एका रविवारी सकाळीच फोन आला. पैनगंगेच्या धरणाच्या फुगवट्यावर बोटिंगचा ठेका घेतलेला एक मालक होता. त्याच्या स्कूलबस आणि ट्रक माझ्याकडेच यायचे. म्हणाला, "मिस्त्री, बोटीचा पाय वर येऊन नाही राह्यला. दुपारी नागपूरचे पाहुणे येणार आहेत. तुमच्याशिवाय कोणी नाही बाप्पा."

बोटीला पाय असतो हेच मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण "तुमच्याशिवाय कोणी नाही" म्हटल्यावर मी कशाला विचारतोय! व्हॅनमध्ये पेटी टाकली आणि निघालो.

बोट फायबरची होती, पांढरी, समुद्राकडून कुठूनतरी जुनी आणलेली. इंजिन आत आणि मागच्या बाजूला पाण्यात सोडलेला एक जाड लोखंडी भाग, त्याला खाली पंखा. त्यालाच सगळे पाय म्हणत होते. हँडलवरचं बटन दाबलं की आतली एक मोटर तेलाचा पंप फिरवते आणि तो पाय वर उचलला जातो, दुसरं दाबलं की खाली जातो. याला ट्रिम म्हणतात. उन्हाळ्यात फुगवटा आटतो, काठाला पाणी गुडघाभर उरतं, खाली बुडालेल्या गावाचे दगड आणि बाभळीची खोडं. पाय वर घेतला नाही तर बोट काठाला लागूच शकत नाही, लागली तर पंखा तुटतो. ती बोट त्या दिवशी काठापासून तीसेक हात दूर, कंबरभर पाण्यात उभी होती. मी पँट भिजवत, पेटी डोक्यावर घेऊन पाण्यातून गेलो. लोक पाहत होते, त्यामुळे जरा ऐटीतच गेलो.

बोटीवर बोट चालवणारा होता. काठावरच्याच तांड्यावरचा माणूस, पन्नाशी ओलांडलेला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी तरी मोठा. त्याची जमीन या धरणात गेलेली. आधी तो मासेवाल्यांच्या डोंग्यावर होता, मग मालकानं या बोटीवर घेतला. मशीनचा नाद असलेला माणूस दिसत होता. इंजिनचं झाकण त्यानं आधीच उघडून ठेवलं होतं, खालचं पाणी पुसून काढलं होतं, माझ्यासाठी एक कोरडी गोणी अंथरली होती. "या मिस्त्री," म्हणाला. मी त्याला पहिल्या वाक्यापासून अरे-तुरे केलं. का केलं? मालकाला केलं नसतं. एवढंच उत्तर आहे माझ्याकडे.

"बटन दाबलं का टक असा आवाज येते," तो सांगू लागला. "पण मोटर काही फिरत नाही. आठ दिवसांपासून हळू झालती, काल बंदच पडली."

आज मला कुणी हे एवढं सांगितलं, तर मी चहा पिता पिता निदान सांगीन. टक वाजतं म्हणजे बटनातून करंट येतोय, रिले, म्हणजे मोटरला करंट जोडणारा खटका, ओढतोय. हळूहळू मंद होत बंद पडली म्हणजे कुठंतरी जोड सडत गेलाय. मला नुसतं कान देऊन ऐकायचं होतं. पण मी म्हणालो, "तू बोट चालव. करंट मले समजते."

मग मी बॉडी पकडली. बोटीच्या कडेला स्टीलचा कठडा होता, चकचकीत. त्याच्या बोल्टाला लॅम्पचा चिमटा लावला आणि टोचा मोटरच्या जाड पॉझिटिव्ह वायरीवर. लॅम्प पेटला नाही. दुसऱ्या बोल्टाला लावून पाहिलं. नाही. तिसऱ्या. नाही. झालं, माझा निकाल लागला: बॅटरीपासून मोटरपर्यंत करंटच येत नाही. वायर मध्ये कुठंतरी तुटलीय. मी वायरीवरून हात फिरवत गेलो आणि सीटखाली एका जागी जोड सापडला. वर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली.

"हे कोणी केलं?"

"मी केलं," तो म्हणाला. "उंदरानं कुरतडली होती जी. तांबं उघडं पडलं होतं. कापलं नाही, फक्त वरून बांधलं."

मी तो जोड उघडूनही पाहिला नाही. काठावर मालक उभा होता, त्याच्याजवळ आणखी चार-पाच लोक, पाहुण्यांसाठी शेगडी पेटवणारा आचारी, आईस्क्रीमवाला. मी बोटीवरूनच ओरडलो, "साहेब, तुमच्या माणसानं वायरीत हात घातला! मोटर यानंच बंद पाडली! करंट ओढून ओढून जळालीही असन!" जळाली आहे की नाही हे मी तपासलंही नव्हतं. एकदा तोंड सुटलं की मला ते आवरत नाही, घरी सगळ्यांना ठाऊक आहे.

मालक आधीच तापलेला. पाहुणे दोन तासांवर. तो काठावरून जे बोलला ते मी लिहीत नाही. शेवटी म्हणाला, "उतर खाली. उद्यापासून येऊ नको."

बोटवाला माझ्याकडे पाहत राहिला. रागानं नाही. मी काही बोलेन असं वाटत असावं त्याला. मग म्हणाला, "मिस्त्री, मी कापलं नाही. तुमी एकदा खोलून तर पाहा." मी पक्कड शोधण्याचं नाटक केलं. त्यानं अंगातलं नारिंगी लाइफ जॅकेट काढलं, घडी करून सीटवर ठेवलं आणि पाण्यात उतरला. काठावर त्याची बायको होती. ती तिथं उकडलेल्या शेंगा विकायची. तिनं त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं, तो तिच्या टोपलीशेजारी जाऊन बसला.

आता पुढचं.

मी बॅटरीवरून मोटरच्या रिलेपर्यंत नवीन जाड वायर ओढली, सरळ, डायरेक्ट. बटन दाबलं. टक. मोटर ढिम्म. पुन्हा दाबलं. टक. ऊन डोक्यावर आलं होतं, फायबर तव्यासारखं तापलं होतं, आणि मला जो घाम फुटला तो उन्हाचा नव्हता. मी उगाच लॅम्पचा चिमटा काढून बॅटरीच्या निगेटिव्हलाच लावला आणि टोचा जुन्या वायरीवर टेकवला, ज्या वायरीत करंट नाही असं मी चार लोकांदेखत ओरडून सांगितलं होतं. लॅम्प भक्कन पेटला.

मी त्या कठड्यावर बोटानं टकटक केलं. स्टीलचा आहे, पण बसवलाय कशात? फायबरमध्ये. फायबर म्हणजे प्लास्टिकचा भाऊ. त्या कठड्याचा बॅटरीशी काडीचा संबंध नाही. मी त्याला चिमटा लावून वर्षभर बसलो असतो तरी लॅम्प पेटला नसता. बोटीला बॉडी अर्थिंग नसते! पोरालाही कळेल अशी गोष्ट, आणि मी वीस वर्षांचा मिस्त्री, भैताडासारखा बोल्टामागून बोल्ट बदलत बसलो होतो.

मग खाली वाकून मोटरची परत जाणारी वायर धरली, काळी, निगेटिव्हची. ती ज्या बोल्टाला कसली होती तिथं हिरवी-पांढरी बुरशी धरलेली. हात लावला तर वायरीच्या टोकाची कडी, थिंबल, सुटून हातात आलं. एवढंच होतं सगळं. मी पॉलिश पेपरनं बोल्ट घासला, नवीन थिंबल दाबून बसवलं, पान्यानं कसलं. बटन दाबलं. मोटर घुर्र झाली आणि तो पाय पाण्यातून ठिबकत वर आला. काठावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आचाऱ्यानं शिट्टी मारली.

नंतर मी तो सायकल ट्यूबचा जोडही उघडला. आत तांबं अखंड होतं. उंदराचे दात दिसत होते. त्यानं इतकी साफ पट्टी गुंडाळली होती की माझ्या दुकानात मी त्याला शाबासकी दिली असती.

मालक पाण्यातून बोटीपर्यंत आला. "वा मिस्त्री! काय होतं मंग?"

या ठिकाणी मला दोन शब्द बोलायचे होते. निगेटिव्ह सडली होती, तुमच्या माणसाची चूक नाही. बस. माणूस अजून दूर गेला नव्हता, हाक मारली असती तर परत आला असता. जॅकेट तिथंच सीटवर होतं. पण टाळ्या वाजल्या होत्या ना. त्या लोकांसमोर मी कोणत्या तोंडानं म्हणणार होतो की मला कठडा आणि बॉडी यातला फरक कळला नाही? माझी जीभच वळली नाही, आणि जी वळली ती भलतीकडे. मी म्हणालो, "सांगितलं होतं ना. वायर." आणि जुनी वायर, तिच्यात काही खोट नव्हती ती, पक्कडीनं कापून काढली, गुंडाळली आणि पेटीत टाकली. कुणी उघडून पाहू नये म्हणून. हेही लिहून टाकतो. मी ती पुरावा लपवायला नेली.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, झालं का काम? मी म्हटलं, झालं, सोपं होतं. जेवलो आणि झोपलो. झोपही लागली, हे विशेष. शरम त्या दिवशी आली नाही, ती पावसाळ्यात आली.

बाजारात टपरीवर चहा पीत होतो. ट्रान्सपोर्टवाले दोघं-तिघं बसलेले, त्यातल्या एकानं मला पाहून गोष्ट सुरू केली. धरणावर एक बोटवाला होता म्हणे, बोटीतलं तांबं कापून विकायचा, आणि आपल्या मिस्त्रीनं एका नजरेत चोर पकडला. सगळे माझ्याकडे कौतुकानं पाहायला लागले. मी म्हणालो, "चोर-बिर काही नाही, जाऊ द्या." त्यांना वाटलं मी नम्र आहे. एक जण म्हणाला, "तांड्यावरचे लोक असेच." आणि मला समजलं की ही गोष्ट कशी फुगली. मी 'हात घातला' म्हटलं, मालकानं 'वायर कापली' केलं, आणि तांड्यावरचा माणूस म्हटल्यावर लोकांना 'विकली' पटायला किती वेळ लागतो? तांबं माझ्या दुकानात मागच्या फळीवर पडलेलं होतं. चहा मी तसाच खाली ठेवला. शिव्या घालाव्याशा वाटल्या त्या माणसाला, तशा मी भर चौकात घालतोही, पण कोणत्या तोंडानं?

आणखी एक कळलं तिथंच. मासेवाल्यांच्या ठेकेदारानंही त्याला डोंग्यावर घेतलं नव्हतं. जाळी, मोटर, डिझेल त्याच्या हवाली कशी करायची, म्हणे.

दोन दिवसांनी मालक बस घेऊन दुकानात आला तेव्हा मी त्याला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. कठडा, बोल्ट, लॅम्प, उंदराचे दात. तो ऐकत होता, मधेच फोन पाहत होता. मग हसला. "जाऊ द्या हो मिस्त्री, कायले उकरून राह्यले? बोट चालू आहे ना?" मी म्हटलं, त्याला परत घ्या. "आता दुसरा ठेवला. त्याले कसा काढू? आणि हा तसाही लय बोलायचा, हे खराब झालं, ते बदला." मी म्हटलं, निदान लोकांना सांगा तो चोर नव्हता. तो म्हणाला, "मी कोणाले चोर म्हटलं? मी नाही म्हटलं." खरंच होतं. त्यानं म्हटलं नव्हतं. सुरुवात माझी होती.

तेव्हा मला कळलं की आता एकच जागा उरली. पुढच्या सोमवारी दुकान बंद ठेवून मी तांड्यावर गेलो.

रस्ता काठाकाठानं होता, चिखलाचा. घर विचारत गेलो तर जो तो विचारे, "कायले?" मी सांगायचो, "काम आहे." लोक एकमेकांकडे पाहायचे. त्यांनाही वाटत असावं की आणखी काही चोरीचं निघालं. घरासमोर तो मक्याची कणसं सोलत बसला होता. मला पाहून उठला, खाट टाकली, "या मिस्त्री" म्हणाला, अगदी बोटीवर म्हटलं होतं तसंच. बायको आतून पाणी घेऊन आली. तिनं मला ओळखलं आणि तांब्या माझ्या हातात न देता खाटेवर ठेवला.

मी पाणी न पिताच सुरू केलं. या वेळी "काका" म्हणालो. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही असं तेव्हा मला वाटलं. करंट होता. तुमचा जोड बरोबर होता. निगेटिव्ह सडली होती. मला कळलं, आणि तरी मी गप्प बसलो, कारण लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. जुनी वायर मी नेली. चुकलो काका. मालकाला सांगितलं, पण तो ऐकत नाही. मी मासेवाल्यांच्या ठेकेदाराकडे येतो, तांड्यात चार माणसं बोलवा, त्यांच्यासमोर सांगतो.

तो कणीस सोलत राहिला. मग म्हणाला, "मले माहीत होतं."

"काय?"

"निगेटिव्ह. मी काठावर बसून पाहून राह्यलो होतो ना. तुमी खाली वाकले, कागदानं घासलं, मंग मोटर फिरली. पॉझिटिव्ह तं तुमी कधीची ओढली होती, तिनं काही झालं नव्हतं. मंग काय बाकी राह्यलं?" तो थोडा हसला. "मी हिले म्हटलंही, आता मिस्त्री बोलावते पाहा."

दाराच्या चौकटीला टेकून बायको उभी होती. ती मराठीत म्हणाली, माझ्याकडे पाहून, "तीन घंटे बसले होते. जेवले नाही. म्हणे आता बोलावते."

मला खाटेवरून उठून पळावंसं वाटलं. एवढं लाजिरवाणं मला कधीही वाटलं नाही, ना माझ्या लग्नात बाप दारू पिऊन पडला तेव्हा, ना बँकेच्या माणसानं थकलेल्या कर्जासाठी दुकानापुढं नाव पुकारलं तेव्हा. ती दुसऱ्यांनी आणलेली लाज होती. ही माझी मी कमावलेली.

"मंग तुमी मालकाले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं. मीच उलट त्याला विचारलं, पाहा माझी हिंमत.

"मी सांगितल्यानं कोणी ऐकलं असतं?" तो म्हणाला. "तुमी सांगितलं असतं तं ऐकलं असतं. म्हणून थांबलो." त्यानं कणीस टोपलीत टाकलं, दुसरं घेतलं. आवाजात तक्रार नव्हती, उलट मला सांभाळून घेत असल्यासारखा तो पुढं बोलला. "तुमची गाडी निघाली ना, तव्हा मी उठून रस्त्यापाशी आलतो. वाटलं, लोकांसमोर नाही बोलले, एकटे असले का थांबतीन. पण गाडी गेली. तुमचं ध्यान नसन. मी दिसलोच नसन तुमाले."

तो मला दिसला होता. मी काठावरून व्हॅन काढली तेव्हा तो रस्त्याच्या कडेला, पळसाच्या बुडाशी उभा होता, एक हात कपाळावर धरून, आणि गाडी जवळ येताच तो एक पाऊल पुढं आला होता. आमच्यात चार हातांचं अंतर असेल. एप्रिलचं ऊन, गाडीत एसी नाही, आणि मी खिडकीची काच वर केली होती.

दोघंही माझ्याकडे पाहत होते, तो आणि ती.

"नाही ना काका," मी म्हणालो. "नाही दिसले."